बाजा सोडला, विद्या का सोडायची?



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मी गेली बारा वर्षं काम करते आहे. जातीचे दाखले, घरकुलाच्या याद्या, शाळा सुटलेल्या मुली, अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये फिर्यादीच्या शेजारी पोलीस ठाण्यात बसणं. या कामावर आपल्या लोकांनी कधी बोट ठेवलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी ट्रंपेट शिकायला लागले आणि प्रश्न सुरू झाले. समाजशास्त्रात एम.ए. करून बाजा वाजवायचा? आजोबांनी जे गावाच्या तोंडावर फेकलं ते नातीने उचलून घरात आणायचं? एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी तर भर बैठकीत विचारलं, "ताई, वाजंत्रीच व्हायचं होतं तर धम्म कशाला घेतला?"

हा प्रश्न हसून उडवण्यासारखा नाही. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देते आहे, आणि ते देताना ट्रंपेटमधल्या एका कसबाबद्दल बोलणार आहे. इंग्रजीत त्याला डबल टंगिंग म्हणतात. झटपट सूर काढण्यासाठी एकाच फुंकेत जिभेने दोन ठिकाणी आघात करायचे, एवढाच त्याचा अर्थ. मला ते जमायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत जातीबद्दल जे कळलं ते एम.ए.च्या दोन वर्षांत कळलं नव्हतं.

आधी इतिहास. आपल्या भागात लग्नाला, जत्रेला, पोळ्याला वाजवायचं काम मातंगांचं, काही गावांत होलारांचं, काही ठिकाणी महारांचंही. देवाची पालखी वाजवत देवळाच्या पायरीपर्यंत न्यायची आणि पायरीशी थांबायचं. नवरदेवाला मांडवापर्यंत पोचवायचं आणि स्वतः उकिरड्याच्या कडेला बसून सगळ्यांच्या मागून जेवायचं. हे काम कुणी निवडलेलं नव्हतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दलचं विधेयक आणलं, त्यामागे हीच गुलामी होती: काम जन्माने ठरणार, मोबदला गावाच्या मर्जीवर राहणार आणि नकार द्यायची सोय नसणार. आमच्या गावात आजोबांच्या पिढीने मेलेली ढोरं ओढणं आणि मोठ्या वाड्यासमोर डफ वाजवणं एकाच वर्षी सोडलं. त्या वर्षी सुगीला आमच्या माणसांना कुणी कामावर बोलावलं नाही. आजी सांगायची, पोरं हुलग्याच्या माडग्यावर काढली. तेव्हा बाजा सोडण्याची किंमत काय होती हे मला कुणी शिकवायला नको.

पण त्यांनी नेमकं काय सोडलं? डफाचं कातडं सोडलं की दुसऱ्याच्या हुकमावर वाजवणं सोडलं? आपल्या चळवळीने याचं उत्तर फार पूर्वी दिलेलं आहे आणि आपण ते विसरतो. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचाच साचा उचलला, त्यातली गण-गवळण काढली आणि त्या जागी बाबासाहेबांचा विचार बसवला. ढोलकी तीच, तुणतुणं तेच. वाजवायचं कुणासाठी आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे मात्र बदललं. याउलट पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी देऊ केलेले तमाशाचे पैसे बाबासाहेबांनी नाकारले, ही गोष्ट आपल्याकडे नेहमी सांगितली जाते. मी तिचा अर्थ असा लावते: आपल्याच बाया नाचवून आलेल्या पैशावर सत्याग्रह उभा करायचा नाही. नारायणगावात काही दिवस काढले की हा भेद समजतो. पाडव्याच्या आधी इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी ठरवायला येतात. कोण नाचणार, कोण वाजवणार आणि कोण नोटा मोजणार, याच्या जाती बहुतेक आधीच ठरलेल्या असतात. भांडण त्या वाटणीशी आहे.

आता ट्रंपेटकडे येते. निमित्त होतं १४ एप्रिलचं. आमच्या मंडळाच्या वर्गणीतला मोठा भाग दरवर्षी डीजेवर जायचा. आवाज इतका की लहान पोरं कान दाबून रडायची, म्हाताऱ्या दारं लावून घ्यायच्या, आणि मुली मिरवणुकीच्या कडेने चालायच्या, कारण मधे दारू प्यालेल्यांची धक्काबुक्की. एका बैठकीत बारावीतली एक मुलगी उठून म्हणाली, "आपल्याच जयंतीत आम्ही पाहुण्यांसारख्या का चालायचं?" तिथून ठरलं की आपलं स्वतःचं पथक काढायचं. मुली पुढे. जुनी वाद्यं गोळा केली: तीन ट्रंपेट, एक युफोनियम, दोन साइड ड्रम. ट्रंपेटच्या घंटेवर मेरठचा शिक्का होता. भारतातली बहुतेक बँडची पितळी वाद्यं मेरठहून येतात. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासून हा धंदा करते.

शिकवायला मंचरच्या बाजूचे एक बँडमास्तर मिळाले. वय साठीच्या पुढे, मातंग समाजाचे. चाळीस वर्षं लग्नं वाजवली. बेंजो आणि डीजे आले तशी कामं घटली आणि बँड मोडला. पहिल्या दिवशी मी "जय भीम, मास्तर" म्हटलं. ते म्हणाले, "जय लहुजी." मग क्षणभर थांबून, "जय भीम, ताई."

ट्रंपेटमध्ये सूर ओठांच्या थरथरण्यातून येतो. जीभ सूर काढत नाही. ती वाऱ्याला वाट देते आणि अडवते. साधा प्रकार असा की जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी लावायचं आणि 'तु' म्हणावं तसं सोडायचं. तु, तु, तु. प्रत्येक 'तु' म्हणजे एक स्वच्छ सुटा सूर. पण जिभेचं टोक म्हणजे स्नायूच, त्याला मर्यादा आहे. एका ठोक्याला चार सूर धरले तर मिनिटाला शंभर ठोक्यांच्या पुढे माझी जीभ अडखळायची. सूर एकमेकांत चिकटायचे, मान ताठ व्हायची, आणि भीमगीताच्या सुरुवातीची धावती जागा आली की मी गप्प.

मास्तरांनी तीन आठवडे हे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, हलगीला काड्या किती?"

"दोन."

"येका काडीनं कडकडाट निघंल का?"

"नाही निघणार."

"मग तोंडात येकच काडी घिऊन का बसलाव? दुसरी माघं हाय. 'क' म्हना."

मी 'क' म्हटलं. जिभेचं टोक कुठेच हललं नव्हतं. हलला होता जिभेचा मागचा भाग, टाळ्याला टेकून सुटला होता. हीच दुसरी काडी. पुढची काडी 'त', मागची 'क'. एक मारत असताना दुसरी परत जागेवर येते, म्हणून जीभ दमत नाही आणि वेग जवळजवळ दुप्पट होतो. तु-कु-तु-कु.

ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की 'क' जन्मजात आळशी. 'त' टणक निघतो, 'क' फुसका. आणि ऐकणाऱ्याला चार सुरांऐवजी दोन सूर आणि दोन खोकले ऐकू येतात. यावर मास्तरांचा उपाय क्रूर होता. पंधरा दिवस नुसतं 'कु'. 'तु'ला बंदी. कु, कु, कु, कु, अगदी संथ, एका ठोक्याला एक. त्यानंतर उलटं: कु-तु, कु-तु, म्हणजे जोराच्या ठोक्यावर मागची काडी पडेल. मग वाद्य बाजूला ठेवून तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची आणि फुंकत फुंकत तु-कु करायचं. पट्टी सतत पुढे झुकलेली राहिली पाहिजे. प्रत्येक आघाताला ती खाली पडत असेल तर वारा तुटतो आहे, आणि वारा तुटला तर जीभ कितीही पळवा, सूर मरतो. त्यानंतर फक्त माउथपीसवर. मग ट्रंपेटवर एकच मधला सूर, महिनाभर तोच. बोटं हलवायची ती सगळ्यांत शेवटी, कारण बोटं आणि जीभ एका क्षणी पडली नाहीत तर चालीचा चिखल होतो.

सराव कुठे करायचा हाही प्रश्नच. घरात शेजारी वैतागले. मग संध्याकाळी उसाच्या बांधावर उभी राहायला लागले. आमच्याकडे बिबट्याचं भय रोजचं. उसात शिरताना आवाज करत जा, असं लोक एकमेकांना सांगत असतात. त्यामुळे माझ्या 'कु-कु'ची शेतकऱ्यांनी तक्रार केली नाही. एकाने तर रोज सातला येत जा म्हणून सांगितलं.

इथे भाषेतली एक गंमत सांगते. पथकातल्या मुलांनी मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ बघितले आणि सगळी 'टु-कु' म्हणायला लागली. 'ट' म्हणताना मराठी जीभ मागे वळते, तिला परत यायला वेळ लागतो, वेग पडतो. इंग्रजी 'टी' आपल्या 'त' आणि 'ट' यांच्या मधे कुठेतरी पडतो. आपण लिहिताना तो 'ट' करतो. आपल्या जिभेला 'त'च सोयीचा. हळुवार चाल असेल तर 'द-ग', जागा तीच पण मार मऊ. वरच्या सुरांत 'ति-कि', कारण 'कि' म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूवर पुढे सरकतो आणि दोन काड्यांमधलं अंतर कमी होतं. हे सगळं पहिलीच्या पुस्तकातल्या वर्णमालेत आहे: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. उच्चारस्थानांचं हे शास्त्र वेद बिनचूक म्हटले जावेत म्हणून वाढलं, आणि ते वेद ऐकायचीसुद्धा धर्मशास्त्राने आपल्याला बंदी केली होती. त्याच कोष्टकावर आज एक मातंग मास्तर आणि चार बौद्ध पोरी पितळेच्या नळीत तोफा डागतात.

मुख्य मुद्दा इथून पुढे आहे.

मास्तरांचं वाजवणं ऐकून लोक हमखास म्हणतात, "यांच्या रक्तातच असतं." कौतुकाने म्हणतात, आणि आपले लोकही म्हणतात. एकदा मास्तरांनी ओठ दाखवला. मधोमध पांढरट वण. म्हणाले, "रगतात आस्तं तर ह्यो कशाला फुटला आस्ता?" त्यांना दुसरी काडी कुणी शिकवलेली नव्हती. त्यांच्या उस्तादाने कधी सांगितली नाही. विचारलं तर म्हणायचा, वाजव, येईल. यांनी दोन लग्नसराया उस्तादाच्या बाजूला उभं राहून त्याचा गळा बघितला. गळ्याची गाठ ज्या जागी हलते तिथे काहीतरी चाललंय, एवढं ओळखलं आणि पुढे स्वतः शोधलं. पाच-सहा वर्षं गेली. 'रक्तात असतं' म्हणणारा माणूस ही पाच-सहा वर्षं पुसून टाकतो. मेहनत जातीच्या नावावर जमा होते आणि माणूस बिनशिकलेलाच राहतो. जात माणसाची आवड आणि कुवत न विचारता त्याचं काम जन्मालाच चिकटवते, हा बाबासाहेबांचा 'जातिनिर्मूलन'मधला आक्षेप. 'रक्तात असतं' हे त्याच चिकटवण्याचं गोड बोलणं आहे.

जे मास्तरांनी गळा बघून चोरलं, ते फ्रान्समध्ये १८६४ साली छापून आलेलं होतं. झाँ-बाप्तिस्त आर्बां नावाच्या कॉर्नेटवादकाने आपली पद्धत पुस्तकात मांडली. तु-कु, तु-तु-कु, धडे सोप्याकडून अवघडाकडे. जगभरचे ट्रंपेटवाले आजही ते पुस्तक वापरतात. त्यात तिहेरी आघात आधी आहे, दुहेरी नंतर. मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बराबर हाय की. आपली मिरवणुकीची चाल बी तीन-तीनाचीच." आमच्या पथकात तो 'त-क-त, त-क-त' असा बसला.

म्हणजे ज्ञान होतं, छापलेलं होतं, आणि पितळेच्या वाद्यासोबत इथे येणं शक्यही होतं. वाद्य मेरठमार्गे आपल्या वस्तीपर्यंत आलं, पुस्तक मात्र आलं नाही. ज्यांच्यापर्यंत ते पोचलं त्यांचं काय झालं ते बघा. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये पोरांना सुरांची लिपी वाचायला शिकवत. तिथून निघालेली माणसं लष्कराच्या, पोलिसांच्या बँडमध्ये गेली, मुंबईच्या सिनेमात गेली. सी. रामचंद्रांच्या गाण्यांमागे वाजणारा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हा हळदोण्याचा गोवेकर. लष्करात पलटणीचा बँडवाला पचमढीच्या संगीत शाळेत वाचून वाजवायला शिकतो. छावणीतल्या शाळेने आपल्या घरांना काय दिलं हे सुभेदार रामजींच्या घराकडे बघून कळतं. आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा तो दरवाजाही बंद झाला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

ग्रेगरी बूथ या संगीत-अभ्यासकाचं 'ब्रास बाजा' नावाचं पुस्तक २००५ साली आलं, भारतातल्या लग्नाच्या बँडवाल्यांवर. ज्यांच्याशिवाय लग्न शोभत नाही त्यांना लग्नात स्थान नाही, हे दूर न्यूझीलंडमधल्या प्राध्यापकाला लिहावंसं वाटलं. आपल्या विद्यापीठांत दलित साहित्यावर कपाटं भरून प्रबंध आहेत. बँडवाल्याच्या जिभेवर किती आहेत?

लिपीची ताकद बघायची असेल तर 'सैराट' आठवा. नागराज मंजुळेंच्या या सिनेमाचं संगीत अजय-अतुल यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसला मोठ्या वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रित करून घेतलं. त्या वादकांना करमाळा कुठे आहे हे माहीत असायचं कारण नाही. कागदावर लिहिलं होतं, त्यांनी वाजवलं. आणि नंतर आपल्या बँडवाल्यांनी तीच गाणी मोबाइलवर पन्नास वेळा ऐकून कानाने बसवली. त्यांचा कान थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कान मेला की विद्या मेली. वही राहते.

म्हणून आम्ही वही केली. मास्तर बोलतात, मुली देवनागरीत लिहितात. त-क कुठे, त-क-त कुठे, श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या लयीवर किती दिवस. मास्तरांना महिन्याला मानधन देतो, पावतीवर 'शिक्षक' लिहून. पहिल्या पावतीवर सही करताना त्यांनी तो शब्द दोनदा वाचला. "सुपारी न्हाय म्हनायची ह्येला?" "नाही म्हणायची."

काही उपासकांनी वेगळा आक्षेप घेतला, की विहाराच्या आवारात वाद्य कसं चालेल? अष्टशीलात नृत्य-गीत-वाद्यापासून दूर राहण्याचं शील आहे, ते उपोसथाला पाळणाऱ्यांसाठी. त्या दिवशी आम्ही सराव ठेवत नाही. बाकी दिवसांसाठी सांचीच्या उत्तर तोरणाकडे बोट दाखवते: परदेशी वेशातली माणसं स्तूपाला वंदन करताना चक्क शिंगं फुंकत आहेत. आणि आपल्या जुन्नरच्याच लेण्यांतल्या शिलालेखांत संघाच्या दानाची रक्कम ज्यांच्याकडे ठेवली त्या श्रेणींमध्ये बांबूकाम करणाऱ्यांसोबत कांस्यकारांचंही नाव आहे. धातू ठोकणारे हात तेव्हा विश्वासाचे होते.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे. 'वाजंत्री' हा शब्द बैठकीत माझ्यावर फेकला गेला, पण तो लागला मास्तरांना. ते दाराशी उभे होते. आपण बाजा सोडला तो गुलामी म्हणून सोडला. कालांतराने ती गुलामी ज्यांच्या अंगावर राहिली त्यांनाच आपण हिणवू लागलो. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा उपवर्गीकरणाचा निकाल आला तेव्हापासून आमच्या भागात बौद्ध आणि मातंग वस्त्यांमधलं बोलणं आणखी तुटक झालंय. आरक्षणाच्या वाटणीवर मतं वेगळी असतील, भांडू, आकडे मांडून भांडू. पण ज्या माणसाच्या विद्येवर आपली जयंती वाजणार आहे त्याला दाराशी उभं करून त्याच्यासमोर त्याच्या कामाचं नाव शिवीसारखं वापरायचं, हे गाव आपल्याशी करत होतं. त्या बैठकीनंतर मास्तर दोन आठवडे आले नाहीत. मुली त्यांच्या घरी गेल्या, त्यांच्याकडेच जेवल्या आणि त्यांना घेऊन आल्या. प्रश्न विचारणारे ज्येष्ठ अजून सरावाला फिरकलेले नाहीत. त्यांची नात येते. युफोनियम तिच्याकडे आहे.

पथकात सध्या अकरा जण आहेत, सात मुली. बारावीवाली आता कॉलेजात आहे आणि एकशे अठ्ठावीसच्या लयीवर स्वच्छ त-क मारते. मी एकशे बाराला अडकले आहे, बोटं बदलताना माझा 'क' अजून मागे राहतो. चार नव्या मुलांना वही उतरवून दिली आहे. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर भागातलं कुणी यायचं म्हणत असेल तर रविवारी सकाळी या, कुठल्याही वस्तीचे असा. वाद्य नसलं तरी चालेल. पहिला महिना सगळं तोंडानेच आहे. कागदाची पट्टी आणि वही मात्र आणा.